फुलाचें आयुष्य

दारांतल्या कुंडींत हौसेनें लावलेल्या झाडास कळी आली, कीं घरांतील मंडळी तिच्या उमलण्याकडे डोळे लावून बसतात. आणि उमललेलें फूल दुसऱ्याच दिवशीं मान टाकतांना दिसलें, कीं कोणी पाण्यास दोष देतो, कोणी मातीस, तर कोणी रोप विकणाऱ्यास. फूल टिकलें नाहीं ही तक्रार बागेची आवड असलेल्या बहुतेक घरांतून ऐकूं येते. परंतु फुलानें किती दिवस टिकावें हें मुळांत ठरतें कोठें, आणि त्यांत माळ्याच्या हाताला वाव किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तबकांतील वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय, बाळगण्याचा छंद शहरांतून वाढल्यापासून या प्रश्नास अधिकच धार आली आहे. वीस-पंचवीस वर्षें जोपासलेल्या झाडाला वर्षांतून एकदां येणारा फुलोरा चार दिवसांत गळून पडला, तर मालकाचा जीव हळहळल्यावांचून कसा राहील?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास जपानला जाण्याची गरज नाहीं. तें खान्देशांतच सांपडतें. जळगांव जिल्ह्याच्या पूर्व अंगास मुक्ताईनगर हें तालुक्याचें गांव आहे. पूर्वीं यास एदलाबाद म्हणत. तापी आणि पूर्णा यांचा संगम येथून जवळच, चांगदेव गांवीं; आणि संत मुक्ताबाईंचें स्थान कोथळीस. त्यामुळें वारकऱ्यांना हा मुलूख परिचित आहे. इतरांना तो आठवतो केळीच्या बागांनीं आणि काळ्या जमिनींतील कपाशीनें. फुलाच्या आयुष्याचा विचार करणाऱ्यास हीं दोन पिकें पुष्कळ कांहीं शिकवितात.

श्रावण-भाद्रपदांत सूर्य थोडा वर आला, कीं कपाशीचें पातें उमलतें. अमेरिकन जातीच्या कपाशीचें फूल प्रथम दुधी, किंचित् पिवळसर असतें. दुपार होईपर्यंत परागसिंचनाचें कार्य आटोपतें. सायंकाळीं पाकळ्यांवर गुलाबी छटा चढूं लागते. दुसऱ्या दिवशीं फूल तांबूस होऊन मिटतें, आणि पुढें कांहीं दिवसांत वाळलेली टोपी गळून पडून तिच्या जागीं बोंड दिसूं लागतें. एकाच झाडावर एकाच वेळीं पांढरीं आणि तांबडीं फुलें पाहून शहरांतील पाहुण्याला नवल वाटतें. तीं दोन जातींचीं फुलें नव्हेत. एक आजचें, तर दुसरें कालचें. खान्देशांतील कापसाचा सारा व्यापार अशा एकेका सकाळच्या फुलांवर उभा आहे. नेमक्या त्या वेळीं पावसाची सर आली, तर भिजलेले परागकण फुटतात, आणि त्या फुलाला दुसरी सकाळ नसते. कपाशीचें फूल बहुतांशीं आपल्याच परागांवर निभावून नेतें हें खरें, तरी मधमाश्यांच्या येण्याजाण्यानें त्यास साहाय्य होतें. म्हणून जाणते शेतकरी फुलें उघडीं असतांना, सकाळच्या प्रहरीं, विषारी औषधांची फवारणी टाळतात. एक दिवसाचें आयुष्य म्हणजे दुबळें आयुष्य, हा समज या पिकापुढें टिकत नाहीं.

फुलाचें आयुष्य आणि झाडाचा बहर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यानेंच निम्मा घोटाळा होतो. प्राजक्ताचें फूल संध्याकाळीं उमलतें आणि सूर्योदयाच्या सुमारास भूमीवर पडतें. परंतु त्याचा सडा पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी पडेपर्यंत अंगणांत रोज दिसतो. जास्वंद सकाळीं फुलते आणि बहुधा सायंकाळीं मिटते. झाड मात्र जवळजवळ बारा महिने फुलत राहतें. जास्वंदीचें फूल खुडून पाण्यांत ठेवलें काय आणि नुसतें ताम्हनांत ठेवलें काय, त्याच्या त्या एका दिवसांत फारसा फरक पडत नाहीं, हें पूजेची तयारी करणाऱ्या गृहिणींना अनुभवानें ठाऊक असतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं फाल्गुनांत पळस पेटतो आणि वैशाखांत बहावा पिवळ्या घोसांनीं लगडतो, तो देखावा आठवडेच्या आठवडे टिकतो. परंतु त्यांतील एकेक फूल थोडक्या दिवसांचेंच असतें. कालचीं गळतात आणि आजचीं त्यांची जागा घेतात, इतकेंच. निशिगंधाच्या दांडीवरही फुलें खालून वर क्रमानें उमलत जातात, म्हणून दांडी टिकली असें वाटतें.

शेवंतीची गोष्ट तर याहून गमतीची. जिला आपण एक फूल म्हणतों, ती वस्तुतः शेंकडों चिमुकल्या फुलांची दाटीवाटीची सभा असते. हीं फुलें बाहेरच्या कडेकडून आंत, वलयावलयानें उमलतात. शेवंती झाडावर पंधरवडा-पंधरवडा ताजी दिसते, त्याचें एक कारण हें. झेंडू आणि सूर्यफूल हीं त्याच कुळांतील.

याच्या उलट टोंकास शहरांतून ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात तें फूल. खरें ब्रह्मकमळ हिमालयांतलें. गच्चीवरच्या कुंडींत वाढतें तें अमेरिका खंडांतून आलेलें, निवडुंगाच्या कुळांतील झाड. त्याचें थाळीएवढें शुभ्र फूल रात्रीं नऊदहाच्या सुमारास पूर्ण उमलतें आणि उजाडेपर्यंत मलूल होतें. त्या एका रात्रीसाठीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावणीं जातात. तें फूल आठवडाभर टिकतें, तर एवढीं माणसें जमलीं असतीं कीं नाहीं, याची शंकाच आहे.

आतां कारणाकडे वळावयाचें. फूल ही झाडाच्या दृष्टीनें खर्चाची बाब आहे. पाकळ्या अन्न तयार करीत नाहींत. उलट श्वसन करून सांठविलेली साखर जाळतात, आणि त्यांच्या पातळ पृष्ठभागावरून पाणी सारखें उडून जातें. शिवाय मधुरस पुरवावा लागतो, तो निराळाच. म्हणजे जुनें फूल सांभाळावें कीं तें टाकून नवें उघडावें, असा हिशेब झाडापुढें नित्य असतो. टिया-लिन अ‍ॅशमन आणि डॅनियल शोएन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं हा हिशेब गणिताच्या रूपानें मांडला. कीटकांची ये-जा भरपूर असेल आणि फूल राखणें महाग पडत असेल, तर अल्पायुषी फूल फायद्याचें. पाहुणे विरळ आणि राखण्याचा खर्च कमी, तर दीर्घायुषी फूल फायद्याचें. उष्ण प्रदेशांतील अरण्यांत एक दिवसाचीं फुलें पुष्कळ आढळतात, आणि थंड डोंगरमाथ्यावर, जेथें कीटक क्वचित् फिरकतो, तेथें फुलें दीर्घकाळ तग धरतात. याचा उलगडा या हिशेबानें बराचसा होतो.

आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळांत हें फारच स्पष्ट दिसतें. सह्याद्रीच्या रानांत पावसाळ्याच्या तोंडाशीं झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी दोनतीन आठवडे टवटवीत राहते. बाजारांत मिळणारें फॅलिनॉप्सिस नांवाचें ऑर्किड दोनदोन तीनतीन महिने फुललेलें असतें. त्यांचे पाहुणे ठरलेले आणि थोडे. तेव्हां वाट पाहत बसण्यावांचून त्यांना गत्यंतर नसतें. परंतु त्याच फॅलिनॉप्सिसच्या फुलांत पराग पडला, कीं महिनाभर आणखी टिकलें असतें असें फूल एकदोन दिवसांत कोमेजतें. काम झालें, आतां खर्च नको, अशी ही सरळ व्यवस्था आहे.

कांहीं झाडें मात्र काम झालेलें फूलही टाकीत नाहींत. तें जाहिरातीसाठीं राखून ठेवतात. ओसरीवर चढविलेल्या मधुमालतीचें फूल संध्याकाळीं पांढरें उमलतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें आणि तिसऱ्या दिवशीं लाल. पांढऱ्या फुलाकडे रात्रीं पतंग येतात. लाल-गुलाबी घोस दिवसां दुरून फुलपांखरांच्या नजरेस पडतो. कमळाची तऱ्हा याहूनही निराळी. तें तीनचार दिवस उघडतें आणि मिटतें; प्रथम स्त्रीकेसर परागासाठीं सिद्ध असतात, मागून पराग मोकळे होतात. या काळांत फूल स्वतः उष्णता निर्माण करून, बाहेर हवा १० अंश असो वा ३० अंश, आपलें तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतें, हें ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं मोजून दाखविलें.

फुलाला आपला शेवट कळतो कसा, या प्रश्नाचें उत्तर शोधतांना विज्ञान अनपेक्षित वाटेनें मुक्ताईनगरच्या केळीच्या वखारीपर्यंत येऊन पोंचतें. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेच्या शहरांतून कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे जळत. नळांतून वायु गळला, कीं जवळच्या झाडांचीं पानें अकालीं झडत. १९०१ सालीं नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञानें त्या मिश्रणांतील नेमका कोणता वायु वनस्पतींवर परिणाम करतो तें शोधून काढलें. तो वायु म्हणजे एथिलीन. पुढें शिकागोच्या कांचगृहांतून कार्नेशनचीं फुलें उमलतां उमलतांच मिटूं लागलीं, तेव्हां क्रॉकर व नाइट यांनीं १९०८ सालीं त्याचा दोषही याच वायूच्या अत्यल्प अंशावर ठेवला. १९३४ सालीं तर गेन या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें, कीं पिकणारें सफरचंद हा वायु स्वतःच तयार करतें. दिव्यांतला विषारी वायु म्हणून ज्याची ओळख झाली, तो वनस्पतींच्या देहांतील एक संजीवक ठरला. फळ पिकविणें, पान गाळणें आणि फूल संपविणें हीं तिन्ही कामें त्याच्याकडे आहेत.

केळें हें तर या वायूचें आवडतें क्षेत्र. पूर्वीं केळीचे घड बंद खोलींत ठेवून धुरी देत. त्या धुरांतही एथिलीन असे, आणि त्यानेंच पिकण्यास चालना मिळे. आज पिकवणीच्या थंड खोल्यांतून दशलक्ष भाग हवेस सुमारें १०० भाग एथिलीन सोडतात, आणि हिरवा घड कांहीं दिवसांत पिवळा होतो. एकदां पिकूं लागलेलें केळें मग आपण होऊन तोच वायु बाहेर टाकूं लागतें. मात्र ज्या वायूनें केळ्यास गोडी येते, त्यानेंच शेजारच्या फुलाचें आयुष्य आंखडतें. आणि कार्नेशन किंवा ऑर्किड यांसारख्या नाजूक फुलांना दशलक्षांत एक भागाहूनही कमी प्रमाण पुरेसें होतें. सत्यनारायणाची पूजा उद्यां, म्हणून घरांत आज केळीं आणून ठेवलीं; त्याच कोंदट खोलींत फुलांची परडीही ठेवली; आणि सकाळीं फुलें मलूल दिसलीं, तर फुलवाल्यावर रागावण्यापूर्वीं त्या केळ्यांकडे एकवार पाहावें. शेवंतीस व झेंडूस या वायूची फारशी बाधा होत नाहीं, हें तीं टिकण्याचें दुसरें कारण. उदबत्तीचा धूर, चुलीचा धूर, आणि कुजूं लागलेलें एखादें फूल यांतूनही एथिलीन निघतें. सुकलेलीं फुलें परडींतून आधीं वेगळीं करण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

केळीच्या स्वतःच्या फुलाचें मात्र सारेंच उलटें. केळफुलाचें एकेक जांभळें पातें उचललें जातें, आणि त्याखालीं फुलांची ओळ दिसते. पहिल्या ओळी स्त्रीफुलांच्या. त्यांच्याच फण्या होतात. लागवडींतल्या केळ्याला परागाची गरजच नसते; परागसिंचनावांचून फळ धरतें, म्हणून त्यांत बीं नसतें. पुढच्या ओळींतील नरफुलें पात्याबरोबर एकदोन दिवसांत गळतात. शेवटची फणी सुटली, कीं शेतकरी केळफूल कापून टाकतो. त्यावर जाणारें अन्न घडाकडे वळावें हा हेतु. भाजीस आवडणाऱ्यांची त्यांत सोय होते ती निराळी.

अंतर्गत संजीवकाखेरीज बाहेरचें ऊनही आहेच. तापमान दहा अंशांनीं वाढलें, कीं पाकळ्यांचें श्वसन सुमारें दुप्पट वेगानें चालतें. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पुण्याच्या थंडींत जो गुलाब झाडावर आठवडाभर डौलानें राहतो, तो खान्देशच्या उन्हांत दोनतीन दिवसांत विसकटला, तर त्यांत माळ्याचा अपराध नाहीं. फूल टिकविण्याचे उपाय आहेत, पण ते पायरीपायरीनें वाढणारे आहेत, चमत्कार करणारे नाहींत. प्रयोगशाळेंतही याचा अनुभव आला. जपानी गारवेलीचें फूल पहाटे उमलून त्याच दिवशीं मिटतें. त्याच्या पाकळ्यांचा ऱ्हास घडविणारें एक जनुक जपानी शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं ओळखलें आणि तें निष्क्रिय करून दाखविलें. तेव्हां सुमारें तेरा तासांचें आयुष्य चोवीस तासांच्या जवळपास गेलें. एवढा खटाटोप करून फूल उद्यांच्या सकाळपर्यंत पोंचलें, परवांपर्यंत नाहीं.

आतां तबकांतील झाडाविषयीं. वामनवृक्षाच्या कलेनें खोड, फांद्या आणि पानें लहान होतात. फूल आणि फळ मात्र लहान होत नाहींत. हातभर उंचीच्या डाळिंबावर येणारें फूल बागेंतल्या डाळिंबाएवढेंच असतें, आणि फळही जातिपरत्वें जवळपास तेवढेंच. म्हणजे ओंजळभर मातींत मुळें असलेल्या झाडास पूर्ण आकाराच्या फुलांचा खर्च सोसावा लागतो. जपानांत सातसुकी नांवाच्या अझेलियाचीं वामनझाडें फुलांनीं इतकीं झांकून जातात, कीं पान दिसत नाहीं. पण तेथील जाणते लोक बहर पुरा ओसरण्याची वाट न पाहतां फुलें हातानें खुडून टाकतात, आणि अशक्त झाडाच्या तर कळ्याच काढतात. आपल्याकडे मात्र फुललेलें झाड दिवाणखान्यांत आणून ठेवण्याचा मोह आवरत नाहीं. मंडळी येतात, तारीफ करतात. झाड पंख्याखालीं, अंधाऱ्या कोंपऱ्यांत आठआठ दिवस बसतें. फूल तर त्यानें टिकत नाहींच, पण झाड मात्र खचतें. दोन दिवस आंत ठेवावें, तिसऱ्या दिवशीं तें बाहेर उजेडांत जावें. आणि लग्नकार्याच्या शोभेसाठीं जुनें झाड कोणी मागितलें, तर सरळ नाहीं म्हणण्यांत संकोच बाळगूं नये.

फुलोऱ्याच्या काळांत खान्देशांतील तबकास दुपारची सावली हवी आणि पाणी सकाळ-संध्याकाळ, कारण उथळ तबकांतली माती उन्हाळ्यांत दुपारपर्यंतच सुकून जाते. पाणी बुडाशीं द्यावें. पाकळ्या भिजवूं नयेत. फुलें असतांना जोराचें खत घालण्याचा उपयोग नाहीं. कोमेजलेलें फूल देठासह काढावें, म्हणजे बीं धरण्यांत झाडाची शक्ति जात नाहीं आणि पुढच्या कळ्यांना वाव मिळतो. फूल अधिक दिवस टिकवूं पाहण्यापेक्षां फुलांच्या पाळ्या वाढविणें हेंच या हवेंत साधण्यासारखें आहे.

त्या दृष्टीनें खान्देशासाठीं बोगनवेलीसारखें झाड नाहीं. तिचा जो रंग डोळ्यांत भरतो, तो पाकळ्यांचा नव्हेच. तीं रंगीत पानें आहेत. खरीं फुलें त्यांच्या मधोमध, पांढरट, नळीसारखीं आणि इवलीं असतात. तीं थोड्या दिवसांत सुकतात. रंगीत पानें मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात आणि कागदासारखीं वाळल्यावरच गळतात. ऊन तिला सोसतें, किंबहुना हवेंच असतें. अडेनियमचीही प्रकृति अशीच काटक. कांहीं काळ पाणी तोडून ताण दिला आणि मग भरपूर पाणी पाजलें, कीं बोगनवेल पुन्हां रंगते. ही युक्ति महाराष्ट्रांतल्या फळबागाइतदारांना नवी नाहीं. डाळिंबाचा आणि लिंबाचा बहर ते असाच ताण देऊन धरतात. आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर हीं नांवें त्यांतूनच रूढ झालीं. मात्र बागेंतल्या झाडाचीं मुळें खोल असतात, म्हणून त्यास महिन्याचा ताण सोसतो. तबकांतल्या झाडाला पानें किंचित् मलूल दिसेपर्यंतचा ताण पुरे. त्यापलीकडे गेल्यास फुलाऐवजीं सरपण हातीं येतें.

वामनरूपांतल्या डाळिंबाचीं फुलें गळूं लागलीं, कीं मालक घाबरतात. डाळिंबास दोन प्रकारचीं फुलें येतात. घंटेच्या आकाराचीं असतात त्यांत फळ धरत नाहीं. तीं उमलून गळावयाचींच. बुडाशीं फुगीर, सुरईसारखीं दिसतात तीं फळ धरणारीं. गळालेलें फूल उचलून त्याचा आकार पाहिला, म्हणजे काळजी करावयाची कीं नाहीं तें लगेच कळतें. सुरईसारखीं फुलेंही सगळीं राखूं नयेत. झाडाची ताकद पाहून एक, फार तर दोन फळें ठेवावीं आणि बाकीचीं सुपारीएवढीं होण्यापूर्वींच काढून टाकावीं. डाळिंब झाडावर तयार होण्यास पांचसहा महिने लागतात. तेव्हां माघांत धरलेल्या फुलाचें फळ पावसाळ्यांत हातीं येतें.